तुझं शेवटचं बोलणं सूनबाईकडं

हौसा, त्या दिवशी दुपारी आपण काळतोंडी मेंढीला कोकरू लावत होतो. तिचं स्वतःचं मेलेलं निघालं होतं, आणि पलीकडच्या मेंढीला जुळं होऊन त्यातल्या एकाला दूध मिळत नव्हतं. ते परकं कोकरू हिच्या गळी उतरवायचं. जन्मभर केलेलं काम. तू तिचं मुंडकं दोन्ही गुडघ्यांत धरलंस. मी तिचंच दूध काढून कोकराच्या पाठीला चोळलं, वर मीठ लावलं, की तिनं चाटावं आणि वासावर फसून त्याला आपलं म्हणावं. काळतोंडीनं हुंगलं, जरा चाटल्यासारखं केलं, आणि मागचा पाय असा झाडला की माझ्या नडगीचं सालटं निघालं.

"नीट धर की," मी ओरडलो.

"अवो, मुंडकं मी धरलंय. लाथ तुमची तुमी सांभाळा," तू म्हणालीस आणि हसत सुटलीस. मग लुगड्याला हात पुसत उठलीस. "जरा दम खाऊ द्या तिला. मंग परत लावा. मी फोन करून येते. आज अश्विनीचा रविवार हाय."

सूनबाईचा, अश्विनीचा रविवार. आठवड्याचे बाकीचे वार माझे होते म्हणतेस? तेही नव्हते.

तू ओट्यावर जाऊन भिंतीला टेकून बसलीस. तुला कमी ऐकू यायचं म्हणून फोन मोठ्या आवाजात असायचा, पण वाघरीपर्यंत, मेंढरांच्या जाळीच्या कोंडवाड्यापर्यंत, नुसती कुरकुर पोचायची, शब्द नाही. तू मोठ्यानं हसलीस. नंतर गप्प झालीस. मला वाटलं, ऐकत असशील. तिचं ऐकताना तू अशीच गप्प व्हायचीस. मी नडगी चोळत बसलो होतो. मग फोनमधून "आत्या? आत्या?" असं ऐकू यायला लागलं. एवढ्या लांबून शब्द कळला म्हणजे पोरगी ओरडत होती. मी गेलो. फोन तुझ्या मांडीवर होता आणि तो बोलतच होता. मी फोन उचलला नाही. तुला उचललं.

लोक म्हणतात, म्हातारा दुःखात आहे, त्याला बोलू नका. दुःख आहे ना. पण खरं तुलाच सांगतो, दुःखापेक्षा जास्त मी जळतोय. एवढा संसार केला, एका ताटात जेवलो, मेंढरांमागं पायाची कातडी झिजवली, आणि जाताना शेवटचं बोलणं तू सूनबाईला दिलंस. मी हाकेच्या अंतरावर बसलेला. ती तिकडं पुण्यात. तिला मिळालं, मला नाही.

दहाव्याला ओढ्यावर लई माणूस होतं. आपल्याकडं कसं असतं तुला माहीत आहे, भटजीपेक्षा भाषणं जास्त. एकजण पांढऱ्या कपड्यातला आला, तुझं नाव चिठ्ठीवर बघून वाचलं, आणि तू किती धार्मिक होतीस ते सांगून पुढच्या दहाव्याला निघून गेला. त्याचं मला काही वाटलं नाही. तो तुला ओळखत नव्हता, त्याच्यावर कशाला जळू? पण मग अश्विनी उठली आणि तिनं माईक मागितला. आपल्या गावात ओढ्यावर सुनेनं माईक धरलेला कुणी बघितला नव्हता. ती म्हणाली, "आत्या माझ्या सासू होत्या, पण त्याआधी मैत्रीण होत्या." एवढंच बोलली आणि बसली. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. गड्यांनीसुद्धा. मी मात्र खाली मातीकडं बघत होतो आणि मनात म्हणत होतो, माझ्याबद्दल असं कुणी म्हणेल का? नवऱ्याला मैत्रीण म्हणायची सोय कुठं आहे?

तुला तो दिवस आठवतो, आपल्या दत्तानं तिला पहिल्यांदा घरी आणलं तो? पोरगी महाळुंगे पडवळची, माणसं आपल्यातलीच, म्हटलं बरं आहे. मी विचारलं, "काय काम करतीस बाय?" ती म्हणाली, "मामा, मी उंदरांवर काम करते." मी म्हटलं, "लई बेस. आमच्या बाजरीच्या कणगीला लई झाल्यात, दोन दिस ऱ्हा आणि बघ जरा त्यांच्याकडं." पोरगी गोंधळली. आणि तू पोट धरून हसलीस. माझ्यावर. तेव्हाच मला कळायला हवं होतं की तू तिच्या बाजूला गेलीस.

नंतर तिनं समजावून सांगितलं. ती उंदीर मारायचं औषध काढत नव्हती. उंदरीच्या पोटातला गर्भ अगदी सुरुवातीला कसा वाढतो, ते बघत होती. तिनं परातीत बाजरीचे दाणे मांडले. एक दाणा. एकाचे दोन. दोनाचे चार. म्हणाली, "आपण सगळे असेच सुरू होतो, मामा. पण हे दोन व्हायचं काम आपोआप होत नाही. आत प्रोटीनं असतात. काही म्हणतात, चला, आता दोन व्हा. काही म्हणतात, थांबा, आधी सगळं नीट आहे का बघू. ज्याचं काम झालं ते त्या वेळेला मोडून टाकायचं, नाहीतर पुढचं पाऊल पडत नाही."

मी दाणे बघत होतो, म्हणजे खरं तर ते परत कणगीत टाकायचे का कोंबड्यांना, ते ठरवत होतो. तू म्हणालीस, "आपल्या वाघरीच्या तोंडाशी असतंय तसं. एक जण सोडनारा, एक आडवी काठी धरनारा. दोघं बी पायजेत. नुस्ता सोडनारा असला तर मेंढरं एकमेकांच्या अंगावं जात्यात. नुस्ती काठी धरली तर आतच कोंडून मरत्यात."

अश्विनी तुझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "आत्या, अगदी पूर्ण तसं नाही, पण पुष्कळसं तसंच." त्या "पुष्कळसं तसंच"वर तू महिनाभर खूश होतीस. मी तुला इतकी वर्षं म्हटलं असेल की भाकरी छान झाली, त्याला तू कधी एवढी खूश झाली नाहीस.

आणि तुझे ते लाडू! डॉक्टरांनी तुला अशक्तपणात सांगितलं होतं, प्रोटीन खा, शेंगदाणे खा. अश्विनी म्हणाली की एक प्रोटीन नसलं की उंदरांचे गर्भ चार-दोन दिवसांतच थांबतात, पुढं जातच नाहीत. तुझा जीव तुटला. दत्ता पुण्याला निघाला तशी तू शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा भरून त्याच्याकडं दिलास, "उंदरांना" म्हणून. मी म्हटलं, "मला कधी केलंस का येवढं तूप घालून?" तू म्हणालीस, "तुमी पोटुशी हाय का?" मग रविवारी फोन आला. ती खरं बोलणारी पोरगी. म्हणाली, "आत्या, उंदरांना बाहेरचं खाणं चालत नाही, आणि हे प्रोटीन खाऊन मिळणारं नाही. लाडू आम्हीच संपवले." तू जराही वरमली नाहीस. विचारलंस, "खानाऱ्यात कुनी पोटुशी व्हती का? मंग वाया न्हाई गेलं."

तिनं तुला एक फोटो दिला. काळ्या रंगावर निळे-हिरवे ठिपके, एकाला एक चिकटलेले. भिजलेला साबुदाणा दिसावा तसा. उंदराचा गर्भ म्हणे, आठ दाण्यांचा. तो तू देव्हाऱ्याच्या शेजारी लावलास. आलागेला त्याला हात जोडायचा. तुझी धाकटी जाऊ म्हणाली, "कुठल्या देवाचं हाय ओ?" तू म्हणालीस, "अजून देव न्हाई झाला. उंदीर बी न्हाई झाला." आणि आपल्या लग्नाचा फोटो कुठं होता? ट्रंकेत. तुझ्या जुन्या लुगड्याखाली. मी तेव्हाही बोललो होतो, आता परत बोलतो. नवरा ट्रंकेत आणि उंदीर भिंतीवर.

तरी माझ्या सुखाचे थोडे दिवस आले होते. तू एका रविवारी तिला विचारलंस, "आतलं बघायचं म्हंजे उंदरीला काय करता?" ती म्हणाली, "मारावी लागते, आत्या." तू फोन ठेवलास. मग पुढचा रविवार तू फोन केला नाहीस. तिचा आला तर मला म्हणालीस, सांगा, झोपलीय. मी आनंदानं सांगितलं. त्या दिवसांत तू माझ्याजवळ बसायचीस, वाघरीची फाटलेली जाळी आपण दोघांनी मिळून विणली, तू मला लहानपणच्या गोष्टी सांगितल्यास. मला वाटलं, सुटलो, उंदरांचं राज्य संपलं. मी तर म्हटलंसुद्धा, "बघ, शेवटी आपलं ते आपलं." तू जाळीची गाठ मारत राहिलीस. मग तूच फोन उचललास आणि तिला विचारलंस, "मारताना तिला कळतं का?" ती म्हणाली, "कळू नये असं बघतो. दर वेळी बघतो." तू म्हणालीस, "मंग ठीक हाय. आमी बी बोकड कापताना तेच बघतो." आणि झालं. रविवार परत तिचा.

लेण्याद्रीला गेलो तेव्हाचं तर मी विसरणारच नाही. माझ्या गुडघ्यांनी पहिल्याच वळणावर नकार दिला. तुम्ही दोघी वर गेलात. मी खाली काकडीवाल्याशेजारी बसलो. माकडानं माझ्या हातातली काकडी नेली. माणसं वर गेली, दर्शन घेऊन खाली आली, दुसरी गेली, तीही आली. तुमचा पत्ता नाही. शेवटी आलात तर दोघींचे डोळे लाल. तू तिच्या हाताला धरून उतरत होतीस, जिन्याच्या कठड्याला नाही. मी विचारलं, "काय झालं?" तू म्हणालीस, "कुटं काय? पायऱ्या लई." तिला विचारलं, तीही म्हणाली, "पायऱ्या, मामा." पायऱ्यांनी डोळे लाल होतात हे मला त्या दिवशी कळलं.

मला माहीत होतं ग. मी अडाणी आहे, दगड नाही. आपलं पहिलं. कोकणात मेंढरं घेऊन उतरताना, माळशेजच्या उतारावर. घोड्यावरचं ओझं सरकलं म्हणून तू ते डोक्यावर घेतलं होतंस, आणि संध्याकाळी तुझ्या पोटात दुखायला लागलं. तिसरा महिना. दुसऱ्या दिवशी कळप हलवावाच लागला, चाऱ्यावाचून मेंढरं थांबत नाहीत. तू चालत राहिलीस. त्यावर तू कधी बोलली नाहीस. मीही नाही. पुढं दत्ता झाला, आणि सगळ्यांना वाटलं की तो पहिला.

ते तू लेण्याद्रीवर तिला सांगितलंस. इतक्या वर्षांनी, तिला. मला नाही.

आता तुला माहीत नाही ते सांगतो, म्हणजे आपली फिट्टंफाट. ते मीच पुरलं होतं, करवंदीच्या जाळीखाली. त्यानंतर जितक्या वेळा आपण त्या घाटानं उतरलो, तितक्या वेळा मी कळपाच्या मागं राहिलो. तू म्हणायचीस, "लंगडी मेंढरं तुमच्याच नशिबी." लंगडी मेंढी नसायची. मी त्या जाळीखाली एक धोंडा ठेवून यायचो. तेवढंच. तू मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं. पण तू विचारलंस नाही, आणि मीही आपणहून बोलणारातला नाही, हे तुझ्याएवढं कुणाला ठाऊक?

आपलं एक भांडण राहिलंय. तू तुझ्या भावाकडं आठ दिवस राहून आलीस, आणि मी म्हटलं, "बघ, घर चाललं का न्हाई? भाकरी जमल्या, मेंढरं चारली, सगळं झालं." तू म्हणालीस, "भाकरी दाखवा बरं." मी दाखवली. तू ती कुत्र्याला टाकलीस, कुत्र्यानं हुंगली आणि गेलं. तरी मी मागं हटलो नाही. तेव्हाच अश्विनीनं फोनवर सांगितलं की एक प्रोटीन होतं, ज्याच्याशिवाय उंदीर जन्मालाच येणार नाही असं सगळ्या शास्त्रवाल्यांना वाटत होतं. ते काढलं, तर उंदीर ठणठणीत जन्माला आला. बाकीच्यांनी त्याचं काम वाटून घेतलं. मी ओट्यावरून उठलो आणि म्हटलं, "ऐकलंस? लई टेंभा मिरवतीस. तुला काढलं तरी वाघर चालती, मला काढलं तरी चालती. शास्त्रानं सांगितलं." छाती काढून मेंढरांकडं गेलो. तू मागून काही बोलली नाहीस. मला वाटलं, जिंकलो. जन्मात एकदा जिंकलो.

आता तू नाहीस, तर बघतो मी वाघर चालते का. भाकरी तुझ्या धाकट्या जावेकडून येते. मेंढरं पुतण्या चारून आणतो. शेजारची सखूवहिनी सकाळ-संध्याकाळ येऊन काळतोंडीला पिळते आणि तेच दूध बाटलीनं त्या कोकराला पाजते, कारण काळतोंडी त्याला जवळ घेत नाही आणि मला परत लावायला धीर झाला नाही. तुझ्या गुडघ्यांशिवाय तिचं मुंडकं कोण धरणार? तर असं सगळं वाटून घेतलंय. चाललंय. मी म्हटलं तसंच चाललंय. जिंकल्यासारखं का वाटत नाही, तेवढं सांग.

तेरावं झालं त्या संध्याकाळी अश्विनी चहा घेऊन आली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती आणि दत्ता पुण्याला निघणार होते. उंदरांना सुतक नसतं, त्यांचे दिवस मोजलेले असतात. मी इतके दिवस तिच्याशी धड बोललो नव्हतो. ती सामोरी आली की मी जाळीची गाठ बघायचो, नाहीतर आभाळ. ती चहा ठेवून गेली नाही. समोर बसली.

"मामा, माझं काही चुकलं का?"

"न्हाई."

"मग बोलत का नाही माझ्याशी?"

"माझी एक गोष्ट तुझ्याकडं हाय."

"काय हो?"

"तिचं शेवटचं बोलनं."

चहावर साय धरली. मग ती म्हणाली, "मामा, मी रोज वाट बघत होते तुम्ही विचारायची. आपणहून कशी सांगू? तुम्ही माझ्याकडं बघतही नव्हता."

"आता बघतोय. सांग."

तिनं सांगितलं. त्या रविवारी तिच्याकडं आनंदाची बातमी होती. जिथं तिच्या उंदरांचे गर्भ दर वेळी थांबायचे, त्याच्या पुढं एक गेला होता. त्याच्यात जे प्रोटीन नव्हतं ते त्याला परत देऊन बघितलं होतं, आणि तो पुढं गेला. त्यावर तू हसलीस. ते हसणं मी वाघरीतून ऐकलं होतं. तू तिला म्हणालीस, "पेढे वाट ग. उंदराचे का असंनात." आणि मग म्हणालीस, "हितनं बघते जरा, ह्यांनी कोकरू पाजलं का. का बसल्यात नुस्ते नडगी चोळत."

"आणि मंग?"

"मग काही नाही, मामा. एवढंच."

मी नडगी चोळतच बसलो होतो, हौसा. म्हणजे तू मान वळवली होतीस. माझ्याकडं बघत होतीस. बोलणं तिच्याशी, पण बघणं माझ्याकडं. हे कळल्यावर माझं काय झालं ते मी सांगत नाही, सांगता येणार नाही. पण जळणं काही गेलं नाही, हेही सांगतो. तो टोमणा माझा होता. त्याच्यावर नाव माझं होतं. तो मला मिळायला पाहिजे होता, मी उलट बोललो असतो, तू आणखी बोलली असतीस, आणि कोण जाणे.

मी चहा एका घोटात संपवला. म्हटलं, "आणि लेण्याद्रीवर?"

ती खाली बघून म्हणाली, "आत्यांना वाटायचं, त्या ओझ्यानं झालं. आयुष्यभर तेच वाटत होतं त्यांना. मी म्हटलं, आत्या, मी माणसांची डॉक्टर नाही, तुमचं नक्की काय झालं ते मला सांगता येणार नाही. पण इतक्या लवकर जे थांबतं ना, ते पुष्कळदा आतल्याच चुकीनं थांबतं. दोनाचे चार होतानाच काहीतरी बिनसलेलं असतं. ओझं उचललं काय आणि निजून राहिलं काय."

"मंग ती काय म्हनली?"

"काही नाही. रडल्या. मग म्हणाल्या, ह्यांनी कधी बोल लावला नाही ग मला."

मी उठून जाळीशी गेलो. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. परत येऊन बसलो आणि विषय बदलायचा म्हणून विचारलं, "तो उंदीर, ज्याचं एक काढून टाकलं तरी जगला, त्याचं काय झालं ग पुढं?"

"जगला की. खातो, पितो, पळतो. आपल्याला वाटावं, काही कमीच नाही." मग तिनं रिकामी कपबशी जवळ ओढली. "पण त्याला पिल्लं होत नाहीत, मामा. बाकी सगळी कामं दुसऱ्यांनी सांभाळली. ते एक काम कुणालाच जमलं नाही. मोठा झाल्यावर दिसतं ते."

"हे हौसाला ठाऊक व्हतं?"

"होतं. त्याच रविवारी, तुम्ही उठून गेल्यावर सांगितलं होतं. आत्या म्हणाल्या, त्यांना सांगू नको. जिकल्यावानी चालत्यात, चालू दे."

हौसा, तू मला जिंकू दिलंस. उलट उत्तर तोंडात धरून ठेवलंस आणि मला छाती काढून चालू दिलंस. इतके दिवस मी समजत होतो की तुम्ही दोघी माझ्या पाठीमागं काय काय बोलता. हे बोलत होता. आता राग धरू का काय करू?

दुसऱ्या दिवशी पहाटे ती दोघं गेली. उजाडल्यावर मी ट्रंक उघडली. आपल्या लग्नाचा फोटो काढून भिंतीवर लावला, उंदराच्या शेजारी, त्याला न हलवता. त्याच्यावरचं तुझं जुनं लुगडं काढलं, तेच, वाघरीत नेसायचीस ते हिरवं. धुवायला दिलं नव्हतं कुणाला. तुझा वास होता त्याला. सारखं वाटत होतं, घडी मोडू नये, आहे तेवढा वास राहू दे. मग म्हटलं, ठेवून काय करायचंय, आणि ते माझ्या दोन्ही गुडघ्यांना गुंडाळलं.

वाघरीत गेलो. काळतोंडीनं मला बघून पाय आपटला. मी खाली बसलो आणि तिचं मुंडकं गुडघ्यांत धरलं, तू धरायचीस तसं. गुडघे बोंबलले. ती झटके द्यायला लागली, मग लुगड्यात नाक घातलं आणि हुंगायला लागली. हुंगतच राहिली. हळूहळू अंग सैल सोडलं तिनं. मीठ लावायला माझा हात मोकळा नव्हता. कोकरू नुसतं सोडून दिलं. त्याच्या अंगाला आता तिच्याच दुधाचा वास होता, आणि पोटात भूक होती. ते धडपडत गेलं, दोनदा चुकलं, आणि लागलं. काळतोंडीनं पाय उचलला. मी डोळे मिटले. लाथ बसली नाही. डोळे उघडले तर कोकराचं शेपूट असं हलत होतं, की बस.

मग मी ओट्यावर आलो आणि तुझ्या जागेवर, भिंतीला टेकून बसलो. तिथनं वाघर सगळी दिसते, आधी कधी बसून बघितलं नव्हतं. तुझा फोन घेतला. त्यात तिचा फोटो आहे, त्याच्यावर बोट ठेवलं की लागतो, ते मला तू करताना बघून ठाऊक होतं. तिकडं तिनं उचलला आणि "आ..." एवढंच म्हणाली. तिला तुझं नाव दिसलं असणार.

मी म्हटलं, "मी हाय. कोकरू पितंय."

ती रडत होती का हसत होती, ते मला कळलं नाही, मला फोनची सवय नाही. मग नाक ओढून म्हणाली, "शेपूट हलवतंय का, मामा?" पोटात दूध जायला लागलं की कोकराचं शेपूट हलतं, हे तिला तूच शिकवलेलं.

"हालवतंय."

मग मी विचारलं, "तुझे उंदीर काय म्हणत्यात?" आणि ती सांगायला लागली. लई वेळ बोललो आम्ही. ऊन ओट्यावर चढलं तरी बोलत होतो. मध्ये मी एकदा हसलोसुद्धा. काय बोललो, ते तुला सांगणार नाही.

आता तू जळ.